काचेतला समुद्र आणि पाड्यावरची विहीर

समुद्र म्हटला की आपणा जव्हार-मोखाड्याच्या मुलांना डहाणूचा किनारा आठवतो, तोही सहलीत एकदा पाहिलेला. घाट उतरल्यावाचून समुद्र भेटत नाही, हा आपला अनुभव. परंतु गेली दीड वर्षे मी रोज संध्याकाळी एका समुद्राची निगा राखतो. तो जव्हारमध्येच, एका सद्गृहस्थांच्या दिवाणखान्यात, २०० लिटरच्या काचेच्या पेटीत आहे. त्या कामाच्या पैशांतून माझी खानावळ भागते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘तिकडे काय काम करतोस?’ असे आईने विचारले की ‘मासे सांभाळतो’ एवढेच मी सांगतो. खायचे नसतील तर मासे सांभाळायचे कशाला, हे तिला अजून पटलेले नाही.

खरे सांगायचे तर माशांपेक्षा पाणीच अधिक सांभाळावे लागते. आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवून ते तयार करायचे. त्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राहिला पाहिजे. उन्हाळ्यात रोज दोनेक लिटर पाण्याची वाफ होते. पण मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

पेटीतले खडक भट्टीत भाजलेले, माणसाने घडवलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच दगडी प्रवाळही आहेत. ते घरी आणता येत नाहीत. ते पाहायचे तर मालवणचा समुद्र गाठावा. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन हे इवलेसे जीव आपले घर बांधतात. पाण्यात सांडपाण्याचे खत वाढले की शेवाळ माजते आणि त्यांना झाकून टाकते. समुद्रातला हा नियम काचेच्या पेटीतही चुकत नाही.

शेवाळाशी माझी रोजची गाठ. काच घासली, खडक ब्रशने खरवडले, तरी आठ दिवसांत हिरवे केस पुन्हा डोलू लागतात. कारण त्याचे अन्न पाण्यातच असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, मग नायट्रेट. खाद्यातून फॉस्फेटही येते. वर दिव्याचा प्रकाश! मग शेवाळाला आणखी काय हवे? म्हणून खाद्य मोजून टाकायचे, दिवा आठच तास लावायचा आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे. शेवाळ हा रोग नव्हे. आत किती आले आणि बाहेर किती गेले, याचा तो हिरव्या शाईत लिहिलेला हिशेब आहे.

मित्रहो, हा हिशेब मांडताना मला दुसराही एक मांडावा लागतो. आठवड्याला २० लिटर बदलाचे आणि १४ लिटर भरीचे, मिळून ३४ लिटर पाणी. आमचे यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर बाहेर टाकते. म्हणजे १३६ लिटर, पंधरा लिटरचे नऊ हंडे. यंत्रातून बाहेर पडलेले पाणी मालक बागेला घालतात, वाया जाऊ देत नाहीत. जव्हारला जयसागर धरण आहे, नळ आहेत. पण माझा पाडा मोखाडा तालुक्यात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि काळ्या कातळावरून तो वाहून जातो. मार्च सरला की विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहणे सुरू होते. त्या दिवसांत नऊ हंडे म्हणजे आईच्या नऊ खेपा. त्या समुद्रावर माझा राग नाही. त्यानेच मला पुस्तके घेऊन दिली. परंतु पेटीत पाणी ओतताना दर वेळी आईची मान मला आठवते.

पेटीतले पाणी दर रविवारी तपासले जाते. आमच्या विहिरीचे पाणी कोण तपासतो, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर घरातच सापडले. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणीतपासणी शिकवायची अशी योजना आहे. आमच्या वहिनी त्या पाच जणींतल्या एक. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे तपासणीची पेटी घेऊन विहिरीवर बसलो. नळीतला रंग तक्त्याशी जुळवण्यात मी सराईत. पण वहिनींची नजर माझ्याहून नेमकी निघाली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचा रंग तिच्या बराच खाली राहिला. “म्हणजे पाणी चांगलं?” आईने विचारले. मी मान डोलावणार, तोच वहिनी म्हणाल्या, “नायट्रेट कमी, एवढंच. जंतूंची बाटली वेगळी असते, आत्याबाई. ती उद्या बघायची.”

कॉलेजात मी शिकतो, याचा घरी सर्वांना अभिमान आहे. त्या दिवशी मात्र वहिनींनी वहीत तारीख घालून आकडा लिहिला, तेव्हा अभिमान वाटण्याची पाळी माझी होती. काचेतल्या समुद्राची वही दीड वर्षाची झाली. विहिरीच्या वहीचे ते पहिले पान होते. आता मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर आणि त्यावर हिरवी साय आल्यावर, तो आकडा काय होतो ते पाहायचे आहे. पण हिशेब ठेवल्याने विहिरीत पाणी वाढत नाही, हेही आम्हा दोघांना ठाऊक आहे. मात्र ग्रामसभेत उभे राहून बोलायचे, तर हातात वही असलेली बरी.