निळ्या रेषेतला चकवा

दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही चौघं खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो. गावात एका मामांनी विचारलं, "वाटाड्या लागंल का? वर लई धुकं हाय." मी हसून फोन दाखवला. कुणीतरी टाकलेला ट्रॅक, ऑफलाइन नकाशा, दोन पॉवर बँका. चहालासुद्धा थांबलो नाही.

तोलार खिंडीपर्यंत सगळं सुरळीत. रेलिंगचा कातळ चढून वर आलो आणि धुक्यात चार पावलांपुढचं दिसेना. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. फोन खिशात टाकला आणि समोर दिसली त्या वाटेने चालत राहिलो. पाऊण तासाने पुढे जमीनच नव्हती. खालून फक्त वारा येत होता.

परत आणलं तेही फोननेच. टी-शर्टच्या आतल्या बाजूला स्क्रीन पुसली, आमचीच रेष धरून मागे फिरलो आणि अंधार पडता पडता मंदिर गाठलं.

घरी आल्यावर मी तो ट्रॅक अपलोड केला. जसाच्या तसा.

नोव्हेंबरमध्ये एका अनोळखी मुलाचा मेसेज आला. "ताई, तुमच्या रेषेवरून गेलो होतो. संध्याकाळी कड्याशी पोचलो. सोबत लहान भाऊ होता." बस, एवढंच. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, कड्यालगत मात्र सिग्नल कातळावर आपटून येतात आणि ठिपका भरकटतो, हे सगळं मला पाठ होतं. पण इथे ठिपका बरोबरच होता. चुकलेली मी होते. आणि नकाशावर चुकलेली वाट आणि बरोबर वाट एकाच निळ्या रंगात दिसत होती. आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर भलतीकडेच फिरत राहतो. मी तो चकवा रेकॉर्ड करून लोकांना वाटला होता.

जानेवारीत पुन्हा गेले. या वेळी मामांकडे चहाला थांबले, कुठे चुकलो ते सांगितलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "उंबराच्या पुढं गुरांची वाट फुटती, तिथं. समदे तिथंच चुकत्यात." मग जरा थांबून, "आता कुणी इचारतच नाय. फोन बघत बघत घरापुढनं जात्यात."

ते सोबत आले. उंबरापाशी नुसते उभे राहिले. उन्हात दोन्ही वाटा स्वच्छ दिसत होत्या. गुरांची वाट जास्त मळलेली होती.

घरी येऊन रेषेतला तेवढा तुकडा कापला. त्या जागी एक खूण टाकली आणि लिहिलं: 'इथून गुरांची वाट फुटते, पुढे कडा आहे. निघण्याआधी गावात विचारा.' त्या मुलालाही ती पाठवली. त्याने पाहिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.