दणकट पाठीचा गडी

हा अमेरिकेतला पिकअप ट्रक. भेटल्याबरोबर छाती पुढे काढतो. समोरची जाळी इतकी उंच, की तिच्यापुढे लहान मूल उभं असलं तर चालकाला दिसत नाही. हा त्याचा दोष मी लपवणार नाही. घराणं मात्र साधं. १९२५ साली फोर्डने मॉडेल टीच्या पाठीवर पोलादी हौदा बसवला आणि २८१ डॉलरला विकायला काढला, तो याचा पणजोबा. पणजोबांचं गिऱ्हाईक शेतकरी होतं. पणतूला आता चामड्याच्या गाद्या लागतात.

लाडावलेलाही आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याचा वचपा म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. कोंबड्यांचं भांडण कधीच विरलं. जकात अजून याच्या दाराशी पहारा देते.

रोजच्या कामाला याच्याइतका मनमिळाऊ कुणी नाही. चार बाय आठ फुटांचं प्लायवूड मागच्या दोन चाकांच्या उंचवट्यांमधे सपाट बसतं. वसंतात बागेची माती, शनिवारी कुणाचा तरी जुना फ्रिज; शेजारी घर बदलायला निघाला की याच्या मालकाशी अचानक गोड बोलू लागतो. रिकामं राहणं याला सोसत नाही. मागचे कमानपाटे ओझ्यासाठी घडवलेले, म्हणून रिकाम्या हौद्याने खड्ड्यावर उडतो आणि पावसात शेपटी सरकवतो. दोनेकशे किलो पाठीवर टाका, लगेच शहाण्यासारखा चालतो.

खोड एकच: ओढण्याच्या गप्पा. चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, मागे बांधायचं म्हटलं की हा म्हणतो, ११,००० पौंड सहज! पाच टनांच्या घरात जाणारा आकडा. खोटा नाही तो. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ अकरा मैलांहून लांब चढ आहे. असा आकडा सांगायचा तर तिथे तेवढं ओझं ओढत, एसी पूर्ण लावून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढून दाखवावं लागतं. फक्त त्या हिशेबात गाडीत दोनच माणसं असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. पोरंबाळं, कुत्रा, सायकली यांचा त्यात पत्ता नाही.

खरी गोष्ट तो छातीवर लावत नाही. चालकाचं दार उघडा. चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये. हा आकडा त्या एका गाडीचा, तिच्या सगळ्या साजशृंगारासकट. काचेचं छप्पर, विजेवर सरकणाऱ्या गाद्या, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, प्रत्येक दागिना याच्या पाठीची ताकद थोडी खातो. म्हणून एकाच जातीतला साधासुधा भाऊ नटव्या भावापेक्षा जास्त वाहतो. ही गोष्ट मला फार आवडते, आणि दुकानात ती कुणी आपणहून सांगत नाही.

कॅम्पर ओढायचा तर त्याचा भार पाठीवर का मोजायचा? बैलगाडी आठवा. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते. कॅम्परचंही तसंच. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर टेकलाच पाहिजे, नाहीतर महामार्गावर तो डावी-उजवी झोकांड्या खाऊ लागतो आणि पिकअपलाही ओढत नेतो. समजा, भरलेला कॅम्पर ७,००० पौंडांचा. जोडावर ९००. घरची चार माणसं ६००. वजन वाटून देणारी जोडणी १००. झाले १,६००. दारावरच्या कागदात १,६०० लिहिलं असेल तर बर्फाची पेटीसुद्धा आता हौद्यात नको.

तेव्हा तुमचा कुणी भाचा अमेरिकेत असेल तर त्याला सांगा: आधी कॅम्पर ठरव, मग हा गडी निवड. भरलेला कॅम्पर ५,००० पौंडांच्या आत असेल तर अर्धाटनी, म्हणजे हलक्या वर्गातला पिकअप पुरतो, आणि रोज ऑफिसला न्यायलाही तो मवाळ. ७,००० च्या पुढे त्याहून दणकट, पाऊणटनीच घ्यावा, रोजच्या रस्त्यावर हाडं थोडी खुळखुळली तरी. मधल्या वजनाला मात्र कागद वाचल्याशिवाय होकार देऊ नये. डिझेलचा मोह झाला तरी तोच कागद पुन्हा वाचावा. ते इंजिन ओढतं भरपूर, पण स्वतःच जड असतं. आणि पहिल्या सहलीला निघताना, घरची सगळी मंडळी आत बसवून, पाण्याची टाकी जितकी भरून नेणार तितकी भरून, महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर वजनकाट्यावर गाडी चढवावी. पुढचा आस, मागचा आस आणि कॅम्पर, तिन्हींची वजनं तिथे वेगवेगळी छापून मिळतात.