दहिवराची रात्र

निफाडच्या काळ्या रानात गहू दोन-तीन पानांवर आला की भल्या पहाटे वाकून पाहावा. पातीच्या शेंड्याला लटकलेला टपोरा थेंब दहिवराचा नसतो. मुळांनी रात्रभर ओढलेलं पाणी रोपानेच तिथून बाहेर टाकलेलं असतं. दहिवर त्याच्या खाली, पातभर. कोरडवाहू गव्हा-हरभऱ्याला आधार देणारी ही ओल. तिला हात जोडावेत. तांबेरा हा गव्हाचा बुरशीरोगही तिच्याच भरवशावर येतो.

त्याचा बीजाणू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. नुसती दमट हवा त्याला पुरत नाही, पातीवर पाणीच लागतं. पंधरा-वीस अंशांचा गारवा असला आणि पान सहा-आठ तास सुकलं नाही, की त्यातून एक नळी निघते. पातीवरच्या उभ्या शिरांचे उंचवटे चाचपत ती आडवी सरकते. पर्णरंध्रं उभ्या ओळींत असतात. आडवं गेलं की एखादं वाटेत लागतंच. रंध्रावर ती फुगते आणि तिथून आत शिरते. त्याआधी वारा सुटून पान वाळलं, तर सगळा प्रवास तिथेच संपला. या आंधळ्या चाचपडण्यापुढे मी नमतो. (गहूवाल्याने ऐकलं तर बांधावरून हाकलेल.)

काळा तांबेरा आणखी न्यारा. अंधारात रंध्राच्या तोंडाशी येऊन तो थांबतो. आत शिरायला त्याला उजेड लागतो. म्हणजे दिवस उगवल्यावरही पात थोडा वेळ ओली हवी. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाचं उलटंच: दमट हवा तिला मानवते, पण साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत.

उन्हाळ्यात मैदानी मुलखात गहू नसतो, मग तांबेऱ्याचे बीजाणू येतात कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहतांनी आयुष्य वेचून त्याचा माग डोंगरांत काढला. दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या थंडाव्यात काळा तांबेरा तग धरतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की वाऱ्यावर तो उत्तरेकडे निघतो, आणि पाऊस त्याला मध्य भारतातल्या रानांत उतरवतो. इथेही पाणीच.

लागण झाली तरी आठवडाभर पान हिरवंगार दिसतं. मग नारिंगी पुटकुळ्या उठतात. बोट फिरवलं की गेरूसारखी भुकटी लागते. तोवर ती ओली रात्र कुणाच्या ध्यानातही नसते. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात मात्र गव्हावर हा तांबेरा मुद्दाम सोडतात, कोणता वाण त्याला दाद देत नाही ते पाहायला.