माझी चित्रवही

स्मरणिकेसाठी लेख देण्याची सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मी इतिहासाचा शिक्षक या नात्याने शाळेच्या वाटचालीवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. ती वाटचाल माझ्याहून ज्येष्ठ सहकारी अधिक अधिकाराने सांगतील. मला येथे एका छोट्या सवयीविषयी लिहावयाचे आहे. ही सवय मला याच शाळेत लागली आणि तिच्या मुळाशी माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती चूक सांगितल्यावाचून सवयीचे महत्त्व सांगता येणार नाही.

सुमारे सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुटी संपवून मुले वसतिगृहात परतली होती. आपल्या शाळेतील अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, हे जुन्या पालकांना सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मुले आपल्याकडे येतात. त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात ‘इतिहासाची साधने’ या पाठाची उजळणी घेत होतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने असे फळ्यावर लिहून मी मागे वळलो, तो शेवटच्या बाकावरील एक मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी रेखाटत होता. मी जवळ गेलो. इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने एक झोपडी, एक बैलगाडी आणि डोक्यावर मोळी घेतलेली दोन माणसे काढली होती. मी ते पान फाडले, चुरगाळले आणि केराच्या टोपलीत टाकले. ‘हा इतिहासाचा तास आहे,’ असे मी त्याला म्हणालो. तो काहीही बोलला नाही.

त्या रात्री अभ्यासिकेवर माझी पाळी होती. मुले वाचत होती आणि मी फळ्यावर राहून गेलेल्या पाठाकडे पाहत बसलो होतो. इतिहासाची साधने. एम. ए. च्या अभ्यासात जुनी दप्तरे चाळताना मी आमच्या वाडवडिलांचा शोध घेतला होता. ते सापडत ते वतनाच्या, वेठीच्या आणि तंट्यांच्या नोंदींत. त्यांच्या घराचे दार किती उंच होते, चूल कोणत्या कोपऱ्यात होती, पाण्याचा डेरा कोठे ठेवीत, हे कोणीही लिहून ठेवलेले नव्हते, कारण लिहिणारा त्या घरात कधी शिरलाच नव्हता. आणि आज आपले घर आतून पाहिलेल्या एका मुलाने ते कागदावर उतरविले, तेव्हा त्याचा कागद मीच फाडला होता.

मी उठून वर्गात गेलो. टोपली रिकामी होती. संध्याकाळी केर जाळला गेला होता. तेव्हा परत येऊन, समोर पडलेल्या एका कोऱ्या वहीत ते चित्र आठवणीने काढण्याचा मी प्रयत्न केला. जमले नाही. हात वळत नव्हता हे तर खरेच, कारण शालेय जीवनात चित्रकलेच्या तासाला मी नेहमी मागे दडून बसलेला विद्यार्थी होतो. परंतु खरी अडचण निराळी होती. झोपडीला खिडकी होती का? माणसांपैकी स्त्री कोणती होती? बैल किती होते? मला काहीच आठवेना. फाडण्यापूर्वी मी ते चित्र पाहिलेच नव्हते.

माझ्या चित्रवहीचे पहिले पान हे असे आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलावून माझी चूक कबूल केली आणि चित्रकलेची एक नवी वही दिली. त्याने ती घेतली. पुढे त्या वहीत त्याने गणिते सोडविली. त्याबद्दल त्याला बोलण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

पान फाडल्याच्या पश्चात्तापातून सुरू झालेली वही पश्चात्तापाच्या बळावर फार दिवस चालत नाही. पहिल्या महिन्यात मी नऊ पाने भरली आणि मग थांबलो. ‘आज काय काढावे?’ हा प्रश्न रोज समोर उभा राही आणि सुचत नाही म्हणून वही मिटली जाई. काहीतरी सुंदर दिसावे, मन भरून यावे, मग चित्र काढावे, अशी माझी समजूत होती. आमच्या कलाशिक्षकांना मी ही अडचण सांगितली. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही चित्र काढायला बसता म्हणून अडता. वस्तू बघायला बसा. हात मागून येईल.’ मग त्यांनी टेबलावरचा माझा स्टीलचा पेला माझ्यापुढे सरकवला. त्या पेल्याच्या काठाला एक पोचा होता. तीन वर्षे मी त्या पेल्यातून पाणी पीत होतो आणि तो पोचा मला त्या दिवशी प्रथम दिसला.

त्या दिवसापासून मी काही नियम घालून घेतले. पहिला नियम वेळेचा. अभ्यासिकेची घंटा होण्यापूर्वीची पंधरा मिनिटे, आणि सुटीच्या दिवशी घरी असलो तरी तीच वेळ. स्फूर्ती आली किंवा न आली, वही उघडायची. दुसरा नियम वहीच्या आकाराचा. शबनम पिशवीत सहज राहील एवढीच वही घ्यायची, म्हणजे बस थांब्यावर किंवा दवाखान्याच्या बाकावरही ती काढता येते. मोठा कागद नवशिक्याला धाक घालतो. तिसरा, एका पानावर एकच वस्तू. चौथा, चित्राखाली तारीख, ठिकाण आणि दोन-तीन ओळी. ती वस्तू कोणाची, कशाची, आज तेथे काय घडले. पाचवा, खोडरबर वापरायचे नाही. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची. सहावा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम, पान फाडायचे नाही.

‘काय काढावे?’ या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळू मिळत गेले. जे रोज हाताखालून जाते ते आधी काढावे. भोजनगृहातील मोठी पळी, वसतिगृहाच्या पायरीवर उतरविलेल्या साठ-सत्तर चपला, पाण्याच्या टाकीचा गळका नळ, वाळत टाकलेले गणवेश, माझ्या वडिलांची काठी. एकच वस्तू सात दिवस काढून पाहावी. सातव्या दिवशी ती पहिल्या दिवसाची राहत नाही. चित्र काढण्याचे त्राण नसेल त्या दिवशी बसचे तिकीट किंवा पिंपळाचे जाळीदार पान चिकटवावे आणि खाली दोन ओळी लिहाव्यात. खाडा पडला तर मागची पाने भरून काढण्याच्या फंदात पडू नये. ज्या दिवशी वही हाती येईल त्या दिवसाची तारीख घालून पुढे चालावे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत माझे खाडे आजही पडतात.

रंगांसाठी फार खर्च करावा लागत नाही. गेरू पाण्यात कालवून, रात्रभर भिजवून गाळलेला बाभळीचा डिंक त्यात मिसळला की उत्तम तांबडा रंग तयार होतो. दिव्यावर धरलेल्या पत्र्याची काजळी त्याच डिंकात कालवली की काळा रंग मिळतो. चहाचे गाळलेले पाणी मातीच्या भिंतीसाठी अगदी योग्य आहे. हळदीचा पिवळा रंग मात्र उन्हाने लवकर उडतो, हे मी एक वही खिडकीत विसरून शिकलो.

सातत्य म्हणजे काय, याचा धडा मला अजिंठ्याने दिला. शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे अनेकदा गेलो आहे. पूर्वी मी मुलांना राजवंश आणि शतके सांगून पुढे नेत असे. वही हाती आल्यानंतर माझे पाय रेंगाळू लागले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी अशा साध्या द्रव्यांनी त्या चित्रकारांनी बोधिसत्त्वांच्या मुद्रा रंगविल्या. त्याच द्रव्यांनी आणि तितक्याच मनःपूर्वकतेने त्यांनी छतावरची फळे, फुले, हंस आणि हत्ती रंगविले. केवळ निळ्यासाठी त्यांना दूरच्या प्रदेशातून आलेला मौल्यवान दगड लागला. त्यांच्या दृष्टीला कोणतीही वस्तू क्षुल्लक नव्हती.

आणि त्या चित्रांच्या प्रती करणाऱ्यांची कथा तर प्रत्येक चित्रवही बाळगणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांच्याकडे १८४४ साली हे काम सोपविण्यात आले. त्यांनी वर्षानुवर्षे राबून मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. गिल यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला. त्यांची कबर भुसावळला आहे. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम अनेक वर्षे केले. १८८५ मध्ये लंडनलाच लागलेल्या दुसऱ्या एका आगीत त्यांच्याही अनेक प्रती जळाल्या. तरीही उरलेल्या सामग्रीतून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एका पावसाळ्यात वसतिगृहाचे छत गळून माझ्या दोन वह्या भिजल्या, तेव्हा मला ही माणसे आठवली. दुसऱ्या दिवशी त्या भिजलेल्या वह्यांचेच चित्र काढून मी नवी वही सुरू केली. आज माझ्या कपाटात अशा १९ वह्या आहेत. त्यांतील चित्रे प्रदर्शनात मांडण्याच्या योग्यतेची नाहीत. परंतु पाडलेले जुने भोजनगृह, तोडलेला चिंचेचा वृक्ष आणि आता हयात नसलेल्या स्वयंपाकीण मावशींचे हात त्यांत आहेत. शाळेच्या दप्तरात यांपैकी कशाचीही नोंद नाही.

काही वर्षांपासून दर शनिवारी अभ्यासिकेची शेवटची पंधरा मिनिटे आम्ही चित्रवहीसाठी ठेवली आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी कलाशिक्षक निराळी करून घेतात. या वह्यांना गुण नाहीत आणि तपासणीची लाल शाईही नाही. त्यांचा एक उपयोग मला आधी सुचलाच नव्हता. एका रविवारी ऊसतोडीवरून मुलाला भेटायला आलेली एक आई पटांगणात त्याची वही चाळत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. प्रगतिपुस्तक ती माझ्याकडून वाचून घेत असे. चित्रवही मात्र तिने स्वतः वाचली. खाटेवरून सरकणारी घोंगडी, ताटातली भाजी, पायाला लागलेला खिळा. ‘हा खिळा कवा लागला रं?’ असे तिने विचारले. दोन महिन्यांपूर्वीची ती जखम त्याने फोनवर तिला सांगितली नव्हती.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या दप्तरात पाठ्यपुस्तकांबरोबर एक कोरी वही असू द्या आणि ती नीटनेटकी असावी असा आग्रह धरू नका. माजी विद्यार्थ्यांना सांगणे असे की, जागा कोणतीही असो, आज रात्री आपल्या घरातील एक वस्तू समोर ठेवून पंधरा मिनिटे बसा आणि पानावर तारीख घाला. उद्या काय काढावे याची चिंता आज करू नका.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला तो सातवीतला मुलगा आला होता. आता तो तालुक्याच्या गावी गाड्या दुरुस्तीचे गॅरेज चालवितो. मी धीर करून फाडलेल्या पानाचा विषय काढला. त्याला आठवत नव्हते. ‘सर, तेव्हा लई वह्या फाटायच्या,’ असे म्हणून तो हसला. मी कपाटातून पहिली वही काढून पहिले पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते बराच वेळ पाहिले.

‘कोपीचं दार एवढं उंच नसतं, सर,’ तो म्हणाला. ‘पार वाकून शिरावं लागतं. पाठीला बाळ असलं की आई बसूनच आत सरकायची.’

मी पेन्सिल त्याच्या हाती दिली. त्याने खोडरबर मागितले. ‘आमच्या वहीत ते नसते,’ असे मी सांगितले. तेव्हा माझ्या दाराच्या आत, निम्म्या उंचीवर, ग्रीसने काळवंडलेल्या बोटांनी त्याने दुसरे दार काढले. दाराशी एक कोयता टेकवून ठेवला. मग मी न सांगता खाली तारीख घातली.