गोरेपणाची डबी

आपल्याकडे मुलीचा रंग हा तिचा एकटीचा कधीच नसतो. त्यावर आजीचा हक्क असतो, शेजारणीचा असतो, आणि लग्नाचे वय झाले की ज्यांनी तिला अजून पाहिलेलेही नाही अशा मंडळींचासुद्धा असतो. 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, की त्यातल्या 'तरी'वरचा जोर मला झोपेतही ओळखता येईल. पूर्वी या बाबतीत डाळीचे पीठ, साय आणि हळद एवढ्यावर भागत असे. त्याने रंग किती उजळे देव जाणे, पण कुणाचे काही बिघडत नसे. आता डब्या आल्या.

माझ्या ताईच्या मुलीची हकिकत अशाच एका डबीची आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. 'मावशी, नाव तेवढे घालू नकोस,' एवढीच तिची अट.

ही मुलगी म्हणजे घरातला लाउडस्पीकर. कॉलेजात वादविवादाची बक्षिसे मिळवलेली, रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून कायद्याच्या भाषेत भांडणारी, आणि नोकरीला लागल्यावर साहेबाला तोंडावर 'हे चुकते आहे' म्हणणारी. अशी मुलगी सहा-सात महिन्यांत बदलत गेली. आधी झोप उडाली. मग चिडचिड सुरू झाली. चहा निवला म्हणून रडू फुटायचे. पुढे पुढे घरी कोणी आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. ऑफिसच्या बैठकीत तिच्या तोंडून शब्द फुटेना. 'सगळे माझ्याकडेच बघतात असे वाटते,' असे ती मला एकदा फोनवर म्हणाली आणि मी चमकले. लोकांनी बघावे म्हणून जी उभी राहायची, तिचे हे बोलणे!

घरात प्रत्येकाजवळ कारण तयार होते. आजीच्या मते दृष्ट. वडिलांच्या मते मोबाईल. ताईला वाटे, कुठे तरी मन गुंतले असेल आणि सांगायला भीत असेल. शेजारच्या काकूंनी तर 'लग्न झाले की सारे ठीक होते' हे आपले रामबाण सांगूनही टाकले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. हे डॉक्टर चांगले निघाले. त्यांनी तिचे सारे ऐकून घेतले आणि मग तिला कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या. अक्षर थरथरत होते. 'हे नुसत्या काळजीचे नाही,' असे म्हणून त्यांनी थायरॉइडची तपासणी करवली. ती ठीक निघाली, तेव्हा एका वयस्कर फिजिशियनकडे चिठ्ठी दिली.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा प्रश्न ऐकून ताई गोंधळलीच. ते म्हणाले, 'बाळ, तू तोंडाला काय लावतेस?'

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने पर्समधून एक लहानशी डबी काढली. ब्यूटीपार्लरमधून घेतलेली. वर कारखान्याचा पत्ता नाही, घटकद्रव्यांची यादी नाही, निम्मी अक्षरे कुठल्या परक्या लिपीतली. तळाशी मात्र एक बारीक सूचना होती : सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. 'सोन्याला जपा म्हणतात आणि कातडीला चोळा म्हणतात,' ते म्हणाले, आणि लघवीतला पारा तपासायला लिहून दिले. पारा निघाला, आणि चांगलाच निघाला.

सोन्याची ही सूचना का, हे सोनाराला विचारावे लागत नाही. पारा सोन्याला धरतो. कातडीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते मेलॅनिन तयार होण्याच्या कामात पाऱ्याचे क्षार अडथळा आणतात. म्हणून रंग उजळतो खरा. पण हे क्षार कातडीवर थांबत नाहीत. ते रक्तात उतरतात, मूत्रपिंडात साठतात आणि मज्जासंस्थेला त्रास देतात. हात थरथरणे, झोप न लागणे, विसराळूपणा, उदासी, चटकन येणारा राग ही पाऱ्याच्या विषबाधेची जुनी लक्षणे. आणि त्यांतले सर्वांत विलक्षण लक्षण म्हणजे अतोनात लाजरेपणा. चारचौघांत जायला भिणे, कोणी पाहिले की गांगरणे. डॉक्टरी भाषेत या साऱ्याला 'एरेथिझम' असे नाव आहे. चारचौघांत धिटाईने मिरवावे म्हणून जी डबी घ्यायची, तीच माणसाला चारचौघांतून उठवते!

हे टोपीवाल्या कारागिरांना फार पूर्वीपासून भोवलेले आहे. सशाच्या केसांची फेल्ट बनवताना ते पाऱ्याचा क्षार वापरत. अमेरिकेत कनेटिकट राज्यातले डॅनबरी हे टोप्यांचे मोठे गाव. तेथल्या कामगारांच्या हातांच्या थरथरीला 'डॅनबरी शेक्स' असे नावच पडले होते. तेथील टोप्यांच्या धंद्यातून पारा हटला तो १९४१ साली.

मला मात्र टोपीवाल्यांपेक्षा तान्ह्या मुलांची गोष्ट अधिक चटका लावून गेली. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे एके काळी 'पिंक डिसीज' नावाचा आजार असे. मुलाचे हातपाय गुलाबी होत, कातडी सोलवटे, उजेड सोसत नसे, आणि मूल रात्रंदिवस कण्हत, चिडत, रडत राही. कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे आहारातली उणीव. १९४८ साली सिनसिनाटीच्या वॉरकानी आणि हबर्ड या डॉक्टरांनी दाखवून दिले, की या मुलांच्या लघवीत पारा आहे. तो येत होता कुठून? दात येताना हिरड्यांना आराम पडावा म्हणून आया प्रेमाने जी पावडर देत, तिच्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचाच क्षार असे. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या कारखानदारांनी तो काढून टाकला आणि पुढे हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्या आयांना शेजारणी काय म्हणत असतील, हे मला इथे बसून ऐकू येते : 'भारीच किरकिरे बाई तुमचे मूल!'

हे सारे जुन्या काळचे, असे म्हणून पान उलटू नका. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत विकाराचा एक विरळा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम लावत असल्याचे सांगितले. मूत्रपिंडाचे दुखणे निदान तपासणीच्या कागदावर उमटते. मनाचे दुखणे 'स्वभाव' या नावाखाली खपून जाते, हीच त्यातली मोठी अडचण.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच तपासून घ्यायला सांगितले. क्रीम लावणाऱ्याच्या उशीला, टॉवेलला, हातांना पारा लागतो, त्याची वाफ होते, आणि न लावणाऱ्यांच्या अंगातही तो सापडतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातल्या काही कुटुंबांत २०१० साली असेच आढळले होते. ताईकडे आजीच्या लघवीतही थोडा पारा निघाला. नातीचा टॉवेल दोघींत एकच होता. 'अहो, मी उभ्या जन्मात तोंडाला पावडर लावली नाही!' असे त्या डॉक्टरांना ठणकावून सांगत होत्या. 'रंग जरा उजळ असता तर' हे पालुपद घरात सर्वांत जास्त त्यांचेच, हे तेव्हा कोणी बोलून दाखवले नाही.

आता ड्रेसिंग टेबलावरच्या इतर बाटल्यांचे काय? येथे मी जरा जपून बोलेन. सुगंधी वस्तूंत वास टिकवण्यासाठी थॅलेट नावाची द्रव्ये घालतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतल्या संशोधकांना २०१० साली असे दिसले, की गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत ही द्रव्ये जास्त होती, त्यांच्या मुलांत पुढे चंचलपणा आणि आक्रस्ताळेपणाच्या तक्रारी अधिक होत्या. दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही, आणि पाऱ्याइतका पक्का पुरावा येथे नाही. म्हणून अत्तराची बाटली मोरीत ओतायला मी सांगणार नाही. पण दुसरा एक प्रयोग मला आवडला. कॅलिफोर्नियातल्या सालिनास भागात १०० मुलींना तीन दिवस ही द्रव्ये नसलेली प्रसाधने वापरायला दिली. त्याचा निष्कर्ष २०१६ साली छापून आला. तेवढ्या तीन दिवसांत एका थॅलेटचे लघवीतले प्रमाण २७ टक्क्यांनी उतरले होते. शरीराला संधी दिली तर ते किती लवकर आवरते पाहा. सुरम्याबद्दल मात्र जपून बोलायचे कारण नाही. पुष्कळ सुरम्यांत शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला मारक असते, ही गोष्ट सिद्ध आहे.

कायदा झोपलेला आहे असेही नाही. जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविरुद्ध जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तो भारताने २०१८ साली मान्य केला. दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा असलेली गोरेपणाची क्रीमे २०२० नंतर करू नयेत असे त्यात होते. २०२३ साली ती सूटही काढून टाकायचे ठरले. पण ज्या डबीवर पत्ताच नाही, तिला नोटीस कुठे पाठवायची?

भाचीने डबी बंद केली. अंगातला पारा उतरायला महिने लागतात, तसे लागले. आधी हात थांबले, मग झोप आली. लघवीतून प्रथिने जात होती, तीही थांबली. सर्वांत उशिरा परतला तो आवाज. औषधांपेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीने जड गेले : 'आपण आतून अशाच भित्र्या आहोत, आजवरचे सारे सोंग होते' हे तिने स्वतःला पटवून ठेवले होते, आणि ते पुसायला कुठलीच गोळी नव्हती. उदास माणसाच्या घरी प्रत्येक वेळी डबीच सापडेल असे मुळीच नाही. बहुतेक वेळा सापडणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांचा हात तिने अजून सोडलेला नाही, आणि सोडू नये असेच मलाही वाटते.

दोन महिन्यांपूर्वी तिने तपासणीचा कागद घेतला आणि एकटीच त्या पार्लरमध्ये गेली. भांडायला म्हणून गेली होती, जुन्या तयारीने. पार्लरवाल्या बाईंनी कागद हातात धरला, तो त्यांच्या हातात हलत होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि दार लोटून घेतले. गिऱ्हाईकांना देण्याआधी तीन वर्षे त्या स्वतः तेच क्रीम लावत होत्या.

'ताई,' त्या म्हणाल्या, 'मलाही रात्रीची झोप नाही हो.'

भाचीने डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि सोमवारची वेळ घेतली.