धानाच्या चुकाऱ्यातली सायकल

पोहणं मला कुणी शिकवलं नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मामा तलावाच्या पाळीवर वाढलेल्या पोराला ते आपोआप येतं. धावणं पोलीस भरतीच्या तयारीत अंगवळणी पडलं होतं. अडलं होतं ते सायकलीपाशी. कोल्हापूरच्या बर्गमन ट्रायथलॉनमध्ये १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. यातला निम्मा वेळ सायकलवरच जातो.

त्या वर्षी धानाचा चुकारा खात्यात आला, तेव्हा बाबांनी पन्नास हजार माझ्या हाती दिले. म्हणाले, "याच्या वरती मागू नको. रोवणीले पैसा लागते."

खास ट्रायथलॉनची नवी सायकल दोन लाखांच्या पुढे जाते, म्हणून नागपुरात जुन्या सायकली बघायला लागलो. पहिलीच कार्बनची सायकल मिळाली, अठ्ठेचाळीस हजारांत. काळी, तलवारीसारखी. मी तिथंच भाळलो होतो. पण गोंदियाचा एक मिस्त्री मला आधीच सांगून होता, "भाऊ, रंग नको पाहू, टेप लावून पाहाय." टेप लावला. फ्रेम ५६ ची, माझी उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे मला मोठी. शिवाय टायर रिमला गोंदाने चिकटवायचे होते. अशा टायरला आमच्याकडे कोहमाऱ्याजवळ काटा लागला तर दुरुस्त कोण करणार? पॅडलच्या वर रंगात केसाएवढी रेघ दिसली, तिथं नाण्याने वाजवलं तर आवाज बद्द आला. कार्बन आतून तुटला असेल तर वरून कळत नाही. सोडून आलो. त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं.

महिनाभराने ५२ ची अ‍ॅल्युमिनियमची रोडबाइक मिळाली. फोर्क कार्बनचा, गिअर शिमानो टियाग्राचे, ब्रेक साधे रिमचे. विकणाऱ्याने छत्तीस हजार सांगितले, मी चेन मोजली. ती लांबलेली निघाली, म्हणून नवी चेन त्याच पैशात बसवून घेतली.

आता जे सांगायचं ते हे, की पुढचं लक्ष मी सायकलीवर कमी आणि तिच्यावर बसण्यावर जास्त दिलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि त्या हवेला आडवं येतं ते जास्त करून आपलं अंग. साडेतीन हजारांचे एअरोबार हँडलवर बसवले, म्हणजे कोपरं टेकवून पुढे वाकायचं. त्यासाठी सीट दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकवली, कारण तसं न करता वाकलं तर मांडी पोटाला लागते आणि उतरल्यावर धावताना पाय जड होतात. सीटची उंची ठरवायला भिंतीला पाठ लावून, पुस्तक जांघेत धरून माप घेतलं. ८० सेंटिमीटर भरलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ७०.६, क्रँकच्या मधापासून सीटच्या वरपर्यंत. पहिला आठवडा मान दुखली. मग नवेगावबांध ते कोहमारा रस्त्यावर, तेवढ्याच दमात, वेग सरासरी दोन किलोमीटरने वाढलेला दिसला.

खोट एकच राहिली. गिअर बदलायला हात एअरोबारवरून काढून हँडलच्या ब्रेकपाशी न्यावे लागतात. खऱ्या ट्रायथलॉन सायकलीत गिअरचे खटके एअरोबारच्या टोकाशीच असतात. पण तिच्यावरून रोज बाजाराला जाता आलं नसतं, आणि माझी ही जाते.

आमच्याकडच्या पंपांना हिच्या बारीक तोंडाच्या ट्यूबचा मेळ बसत नाही, म्हणून पितळेचा अ‍ॅडाप्टर सदैव खिशात. टायर, ट्यूब आणि हेल्मेट धरून ४४,७०० झाले. उरलेले तिकिटाला.

चाकं काढून, मागचा डिरेलर सोडून, सगळं जुन्या गोधडीत बांधलं. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरलाच जाते, हे आम्हा लोकांचं मोठं भाग्य. एक रात्र आणि बराच दिवस मी त्या गोधडीवर हात ठेवून होतो. राजाराम तलावातून पोहून निघालो तेव्हा पुढे पुष्कळ महागड्या सायकली होत्या. ९० किलोमीटर मी ३ तास १८ मिनिटांत पुरे केले आणि खाली उतरल्यावर पाय चालू होते.

घरी आलो, तर बाबा धुऱ्यावर होते. त्यांनी आधी सायकलीकडे पाहिलं, नवा ओरखडा दिसला तिथं बोट फिरवलं आणि विचारलं, "गोधडी आणली ना?"