वादळ ओसरल्यावर बंदरावर

हिवाळा सुरू झाला की कर्जत-खालापूर परिसरातील माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास कानी पडते, "डॉक्टर, आजोबांना तुम्हीच सांगा, थंडीत बाहेर पडू नका म्हणून." अनेक वर्षे मी तसे सांगत आलो. माझ्या वडिलांनाही सांगितले. त्यात काय चुकत होते, ते मला २०१७ च्या डिसेंबरात उरण तालुक्यातील करंजा बंदरावर उमगले. ती हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. तरुणपणी काही वर्षे ते उरणला शिक्षक होते. हिवाळ्यात खाडीवर उतरणारे पक्षी पाहण्याचा छंद त्यांना तिथेच जडला. आईच्या निधनानंतर त्यांचा दमा बळावला आणि मी त्यांचे बाहेर जाणे हळूहळू बंद केले. गारठा बाधेल, कुठेतरी पडतील, ही भीती. दोन वर्षांत त्यांच्या मांड्या बारीक झाल्या, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला. अखेर ते पडले, ते घरातच. पलंग आणि न्हाणीघर यांमधल्या चार पावलांत. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर राहिले. न चालल्याने स्नायू क्षीण होतात, तोल जातो, हे मी रोज रुग्णांना सांगत होतो. घरात मात्र ते मला दिसले नव्हते.

त्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातच्या दिशेने सरकले आणि ऐन हिवाळ्यात कोकणात पाऊस पडला. ५ तारखेच्या रात्री अण्णा म्हणाले, "सगळ्या होड्या बंदरात असतील. कुरवही तिथेच असणार. एकदा नेतोस का?" 'कशाला' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. त्यांच्या बारीक झालेल्या मनगटाकडे पाहून तो मी गिळला. वादळ विरल्याची बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौक, पनवेलमार्गे निघालो.

आभाळ भरलेले होते, वारा बोचरा होता. धक्क्यावर शेवाळ आणि ओल असल्याने गाडी दूरच, पण पाणी दिसेल अशी उभी केली. गाडीत बसलेल्या माणसाला पक्षी फारसे बिचकत नाहीत. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तुतारी पक्षी चोची खुपसत होते, नांगरलेल्या होड्यांवर घारी घिरट्या घालत होत्या आणि कडेला तपकिरी डोक्याच्या कुरवांचा थवा विसावला होता. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण आटोपून हे पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. तेव्हा त्यांचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो.

"बघ," अण्णा म्हणाले, "सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे आहेत. पाठ फिरवली तर वारा पिसांत शिरेल." कोणी पिसे फुलवून आत हवेचा थर धरला होता, कोणी एक पाय पोटाशी घेऊन ऊब राखली होती. अण्णा वर्गातल्या मुलांसारखे पक्षी मोजत होते. थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यांनी खिशातला इनहेलर स्वतःच काढला. परतताना माझा हात धरून ते चहाच्या टपरीपर्यंत चालत गेले. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी चालायला स्वतःहून काठी मागितली होती.

आपल्या घरीही असे कोणी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. हवामान खात्याचा इशारा असताना किनाऱ्यावर जाऊ नये. वयोमानाने थंडीची आणि तहानेची जाणीव मंदावते. म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कान व छाती झाकावी, कपडे भिजल्यास लगेच बदलावेत, कोमट पाणी सोबत ठेवावे. रक्तदाबाची गोळी प्रवासासाठी परस्पर चुकवू नये. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिची वेळ डॉक्टरांना विचारावी. पादत्राणांचा तळवा न घसरणारा हवा, दुर्बीण हलकी हवी. छातीत दाटणे, धाप न थांबणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. समुद्र दूर असेल, तर आमच्या उल्हास नदीसारखा जवळचा काठही पुरतो. हिवाळ्यात तिथे धोबी पक्षी शेपटी हलवत हिंडतात.

अण्णांना त्यानंतर आणखी दोन हिवाळे लाभले. दोन्ही हिवाळ्यांत आम्ही करंज्याला गेलो. आता दवाखान्यात कोणी ते जुने वाक्य उच्चारले, की मी आधी आजोबांकडे वळतो आणि विचारतो, "आपल्याला कुठे जावेसे वाटते?" कसे जायचे, ते आम्ही मग तिघे मिळून ठरवतो.